राहिलेलं कडवं

१

कानाची तपासणी म्हणजे तशी कंटाळवाणी गोष्ट. पेशंटला एका बंद खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बारीकसा आवाज आला तरी दाबा. शंका आली तरी दाबा." मग आपण बाहेर यंत्रापाशी बसायचं आणि काचेच्या छोट्या खिडकीतून त्याच्याकडे बघत एकेक सूर सोडत जायचं. त्याने बटण दाबलं की यंत्रावर हिरवा दिवा लागतो, आपण कागदावर खूण करतो. खुणा जोडल्या की झाला कानाचा आलेख.

ताई हे काम बावीस वर्षं करत होती. ताई ती घरी. दवाखान्यात सगळ्यांची मॅडम. खोली चार फूट बाय पाच फूट, भिंतींना चहूबाजूंनी करडा फोम, आणि दार असं जाड की पेशंट तिला 'फ्रीज' म्हणत. दार लागलं की आत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पहिल्यांदा बसणारे घाबरतात. आपल्याच गळ्यातून आवंढा उतरतो तोसुद्धा त्यांना ऐकू यायला लागतो.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊलाच बाहेरच्या खुर्च्या भरल्या होत्या. काउंटरवरच्या मावशी चष्मा सावरत आत आल्या. "मॅडम, चौदा जण आहेत. सगळे शनिवारचे."

ताईला हे अपेक्षितच होतं. शनिवारी संध्याकाळी मोठ्या मैदानावर 'चौघां'चा निरोपाचा कार्यक्रम झाला होता. चौघांच्या बँडला खरं नावही होतं, पण तीस वर्षांत ते कोणी घेतलं नव्हतं. चौघे म्हटलं की कळायचं. साठ हजार माणसं जमली होती म्हणे. म्हणजे आठवडाभर कानात शिट्ट्या वाजणारे येत राहणार.

पहिला आला तो बेकरीवाला. हातावर भट्टीचे डाग, मनगटावर कार्यक्रमाचा कागदी पट्टा अजून तसाच.

"किती जवळ उभे होता?" ताईने विचारलं.

"स्पीकरच्या पुढ्यात." तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "मॅडम, मी वडिलांच्या अंत्यविधीला रडलो नाही. शनिवारी मात्र लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. शेजारी एक अनोळखी बाई होती, तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. सगळेच रडत होते हो."

"शेवटचं गाणं कोणतं म्हटलं?" ताईने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"म्हटलंच नाही ना पूर्ण. शेवटचं कडवं राहिलं. गायक एकदम थांबला. गर्दीकडे बघत म्हणाला, 'सगळे आलेत? कोण राहिलंय?' आम्हाला वाटलं, गंमत करतोय. पण तो थांबूनच राहिला. सगळं मैदान गप्प. मग एकेक दिवा गेला."

ताईने त्याला आत बसवलं, दार लावलं. कान ठीक होते. वरच्या पट्टीत जरा घसरण, आठवड्याभरात भरून येईल अशी. सूर सोडून झाले तेव्हा ताईने पेन खाली ठेवलं, आणि तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

तिने यंत्र बघितलं. सूर बंद होता.

असं होतं. लोक न आलेला आवाज ऐकतात, उगाच बटण दाबतात. ताईने बोलायचं बटण दाबून सांगितलं, "झालं, या बाहेर."

बेकरीवाला बाहेर आला, कान चोळत उभा राहिला.

"शेवटी कशाला दाबलंत? मी काही वाजवलं नव्हतं."

"वाजलं नाही. विचारलं कोणीतरी." तो दाराशी जाऊन थांबला आणि अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "तुमची बहीण आली नव्हती, मॅडम."

२

ताईची बहीण म्हणजे रेडू. आठ वर्षांनी धाकटी. लहानपणी सदानकदा गुणगुणत असायची म्हणून वडील तिला रेडिओ म्हणत, त्याचं रेडू झालं. रेडू म्हणजे म्हशीचं पोर, हे शाळेतल्या मुलींनी तिला लगेच कळवलं. ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी म्हशीसारखी ओरडून वर्ग हसवून आली. अशी होती ती.

नऊ वर्षांची असताना तिला गालगुंडं झाली आणि ती जाताना डावा कान घेऊन गेली. उरला उजवा. त्याच वर्षी कोणीतरी तिला चौघांची कॅसेट दिली. "मला एकच कान आहे म्हणून मी दुप्पट ऐकते," असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. ताई कानाच्या कामात शिरली ती तिच्याचमुळे, हेही ती सगळ्यांना सांगायची. ते मात्र खरं होतं.

वडील लवकर गेले. आई सात वर्षांपूर्वी गेली. आईला रुग्णालयात ठेवलं होतं, डॉक्टर म्हणाले होते धोका टळलाय, आणि रेडू चौघांच्या कार्यक्रमाला गेली होती. ताईने तिला अकरा वेळा फोन लावला. फोन रेडूच्या खिशात होता.

"तिथे सगळंच थरथरत होतं गं, ताई," ती नंतर म्हणाली. "मला कळलंच नाही."

ताई तेव्हा काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही. दोघी एकाच घरात राहत होत्या, भाजी कोण चिरणार आणि गाद्या कोण उन्हात घालणार यावर भांडत होत्या. रेडू ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करायची. सगळं छान चाललं होतं. मग यंदा चौघांनी निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच आठवड्यात रेडूनेही आपला बेत जाहीर केला. चौघांच्या चाहत्यांमधल्या दोन मैत्रिणी दुसऱ्या शहरात घर घेत होत्या. तिसरी खोली रेडूला.

"कार्यक्रम झाला की त्यांच्याबरोबरच जाईन म्हणते," ती म्हणाली. "आता काय, सगळंच शेवटचं."

दोन आठवडे आधी रेडूची नेहमीची वार्षिक तपासणी होती. उजवा कान लखलखीत निघाला, वीस वर्षांच्या मुलीला शोभेल असा. रेडू आत हेडफोन काढून केस नीट करत होती. ताईने कागद पुढे ओढला आणि वरच्या पट्टीतल्या तीन खुणा खोडून दोन-दोन बोटं खाली केल्या. मग रेघ जोडली. रेघ कड्यावरून कोसळावी तशी दिसायला लागली.

"हा गेला तर तुला काहीच उरणार नाही," ती रेडूला म्हणाली. "एवढ्या आवाजात तीन तास? विसर."

"शक्यता किती, ताई? खरं सांग."

"मी शक्यता सांगत नाही. मी आलेख दाखवते."

रेडूने तिकीट परत केलं. शनिवारी संध्याकाळी वारा मैदानाकडून वाहत होता. ताईने सगळ्या खिडक्या लावल्या, दाराखाली टॉवेल सरकवला. रेडू उठून न्हाणीघरात गेली. तिथल्या झरोक्याच्या काचा गंजून अर्ध्या उघड्या अडकल्या होत्या. ती स्टुलावर चढून उजवा कान झरोक्याला लावून उभी राहिली. ताईने दहा मिनिटं वाट बघितली आणि दार वाजवलं.

"काळजीपोटी सांगतेय. ये बाहेर."

रेडू आली. लहानपणापासूनच ती ताईचं ऐकायची. ती दिवाणखान्यात येऊन बसली आणि तेवढ्यात दूरचं गाणं मध्येच तुटलं. मग काहीच आलं नाही, टाळ्याही नाहीत. दोघी कान देऊन बसल्या. शेवटी ताईने उठून पानं वाढली.

त्या रात्री ताईला शांत झोप लागली होती.

३

ओळख असणार, ताईने स्वतःला समजावलं. चाहते एकमेकांना ओळखतात, रेडू तीस वर्षं त्यांच्यात आहे, बेकरीवाल्याने कुठेतरी फोटो बघितला असणार. एवढं सोपं आहे.

दुपारपर्यंत आणखी पाच जणांनी सूर बंद असताना बटण दाबलं. तपासणी संपायची, ताई पेन ठेवायची, आणि हिरवा दिवा. त्यांतल्या तिघांनी जाता जाता रेडूची चौकशी केली. "बऱ्या आहेत ना त्या?" "राहून गेलं हो त्यांचं." एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई तर ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आम्ही थांबलोय म्हणावं. घाई नाही."

मंगळवारी मावशी म्हणाल्या, "मॅडम, ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. काल सकाळपासून बघतेय. पण एकाने मान वळवली की सगळे वळवतात."

"दमले असतील."

"दमलेले नाहीत हो. खूश आहेत." मावशींनी खांदे उडवले. "मला तर बरं वाटतं, कटकट करत नाहीत."

बुधवारी एक म्हातारे गृहस्थ नातीबरोबर आले. आयुष्यभर छापखान्यात यंत्रांच्या गदारोळात काम केलेले. दोन्ही कान वीस वर्षांपूर्वीच ठार गेलेले. ताईचे जुने पेशंट. नात म्हणाली, "कार्यक्रमाला मला एकटीला पाठवत नव्हते म्हणून आजोबा सोबत आले होते. आल्यापासून म्हणतात, तपासायला ने."

ताईने त्यांना आत बसवलं. सगळ्यात मोठा सूर सोडला. आजोबा ढिम्म हलले नाहीत. सगळे सूर संपले, दिवा एकदाही लागला नाही. ताईने यंत्र बंद केलं, अगदी मागची कळ खाली पाडून.

आत आजोबांनी मान किंचित वर उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाचा भाव आला. त्यांनी बटण दाबलं, आणि खोलीतल्या मायक्रोफोनला वेगळ्या जोडलेल्या हेडफोनमधून ताईला त्या बटणाची टिकटिक ऐकू आली.

बाहेर आल्यावर तिने पाटीवर लिहून विचारलं, काय ऐकलंत?

आजोबा फार मोठ्याने बोलायचे, बहिरी माणसं बोलतात तसं. सगळी वाट बघणारी मंडळी ऐकत होती. "आवाज नाही हो, बाई. गप्प बसलेत सगळे. खूप माणसं गप्प बसली की कळतं ना? तसं."

शेवटच्या पेशंट होत्या समोरच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टर. स्वच्छ, नेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. ताईला हायसं वाटलं. निदान ही बाई आपल्यासारखी विचार करणारी. तपासणी झाली. डॉक्टरांनी आपला आलेख हातात घेऊन उजेडात धरला, बारकाईने बघितला.

"माझ्या खुणा जिथल्या तिथे आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. दोन-दोन बोटं खाली आणल्यात का, ते बघत होते." त्यांनी कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "बहिणीला पाठवून द्या, मॅडम. एवढी माणसं ताटकळलीत."

त्या गेल्यावर ताई उठली. तिने कपाट उघडून रेडूचा कागद काढला. खाडाखोड नीट पुसलेली होती. कोणाला दिसण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात तिसरं कोणी नव्हतं, मावशी सुट्टीवर होत्या. तिने कागद फाडला, त्याचे आणखी तुकडे केले आणि चहाच्या गाळासकट कचऱ्यात टाकले. मग तिला वाटलं, हे वेड्यासारखं झालं. कोणापासून लपवतोय आपण?

४

रेडू गुरुवारी दुपारी आली. ग्रंथालयातून अर्धा दिवस सुट्टी काढून, न सांगता. बाहेरच्या खुर्च्यांवर बारा-पंधरा जण होते. ती आत शिरली तशी ते सगळे उभे राहिले. बेकरीवाल्याने पुढे होऊन फक्त तिच्यासाठी दार धरलं.

"माझा कान तपास," रेडू म्हणाली.

"आत्ताच तर केला होता."

"पुन्हा कर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला काय करायचं ते माहीत होतं. तिने रेडूला आत बसवलं, हेडफोन नीट केला. लहानपणी वेण्या घालताना करायची तसा कानामागचा केस बाजूला केला. रेडूने मान तिरकी करून ते करू दिलं.

दार लागलं. ताईने सूर सोडले. प्रत्येक सुराला हिरवा दिवा. अगदी शेवटच्या, सुईच्या टोकाएवढ्या सुरालाही. खिडकीपलीकडून रेडू तिच्याकडे बघत होती, आणि दर दिव्याला तिची भुवई थोडी वर जात होती. हा आला. हाही आला. आणि हा?

ताईने हात उचलला. सूर संपले होते.

मग खोलीतला मायक्रोफोन, जो पेशंटचं बोलणं ताईच्या कानात पोचवतो, त्यातून काहीतरी यायला लागलं. आधी तिला वाटलं, यंत्राची घरघर. तिने आवाज वाढवला. घरघर नव्हती. कोणीतरी श्वास घेत होतं. एक जण नाही. बाहेर मोकळ्यावर, उघड्या आभाळाखाली उभी असलेली माणसं घेतात तसा श्वास, जवळचा, त्याच्यामागचा, त्याच्याही मागचा, लांब लांब जाणारा. कुठेतरी कोणी खोकलं. कोणाच्या पायाखाली प्लास्टिकचा ग्लास चुरगळला. चार फूट बाय पाच फुटांच्या खोलीत रेडू एकटी बसली होती.

"आले मी," रेडू म्हणाली. ताईशी नव्हे.

आणि ताईला आवाज आला तो एकाच वेळी श्वास सोडल्याचा. साठ हजार माणसांनी हुश्श केलं तर जसं होईल तसा. मायक्रोफोनचा आवाज फाटला. ताईने हेडफोन कानावरून ओरबाडून काढला. नंतरचं तिने फक्त बघितलं: रेडूचं तोंड उघडलं, मान मागे गेली, ती गायला लागली. गालांवरून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दीड, फार तर दोन मिनिटं. एका कडव्याला लागतात तेवढी. मागे वळून बघितलं तर बाहेरच्या खोलीतही तेच. सगळे तोंड उघडून, डोळे मिटून उभे, आणि आवाज काही नाही. मावशी फोनवर उद्याची वेळ लिहून घेत होत्या.

रेडू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा ओला आणि हलका दिसत होता.

"झालं का?" ताईने विचारलं.

"झालं. फार सुंदर झालं, ताई." रेडूने रुमालाने नाक पुसलं. "त्यांनी विचारलं, उशीर का झाला म्हणून."

"मग?"

"मग काय. खरं ते सांगितलं."

५

त्यानंतर रेडू घरात इतकी गोड वागायला लागली की ताईला ते सोसेना. सकाळी ताईच्या आधी उठून चहा करायची. दुसऱ्या शहरात जायचा विषयच तिने सोडला. "आता कशाला? ते सगळे आहेत की इथेच," असं म्हणून ती आपल्या उजव्या कानाला बोट लावायची.

फक्त जेवताना ती मध्येच थांबायची. घास हातात, नजर कुठेतरी, ऐकत असल्यासारखी. मग ताईकडे बघायची आणि खुदकन हसायची.

"काय झालं?"

"काही नाही गं."

"काय म्हणतायत ते?"

"जाऊ दे ना, ताई. तुला वाईट वाटेल."

एकदा ताई आंघोळीहून बाहेर आली तर रेडू एकटीच बसून हळू आवाजात सांगत होती, "...आणि आई गेली तेव्हासुद्धा हिने मला मुद्दाम उशिरा फोन केला होता." ताई तिथेच थिजली. तसं तिने केलं होतं. अकरा वेळा फोन लावला हे खरं. पण पहिला फोन लावायच्या आधी ती अर्धा तास नुसती बसली होती. तब्येत पुन्हा एकदम बिघडली होती, डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. ती आईचा हात धरून बसली होती आणि तिला वाटत होतं, आई आत्ता फक्त माझी आहे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात आता कोणी तपासायला येत नव्हतं. यायचे, खुर्च्यांवर बसायचे, संध्याकाळी उठून जायचे. मावशी प्रत्येकाला विचारायच्या, ते म्हणायचे, "आम्हाला घाई नाही." ताई पाणी प्यायला बाहेर आली की पंधरा चेहरे तिच्याकडे वळायचे. त्यांवर राग नसायचा. शाळेत बाईंनी एखाद्या मुलीला उभं केलं की बाकीचा वर्ग जसा तिच्याकडे बघतो, तसे बघायचे. आता हिचं काय होणार, या उत्सुकतेने.

आठव्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आलेख मी बदलला. तू जाऊ नयेस म्हणून. कान चांगला होता. आईच्या वेळीही... चुकलं. रेडू, मला माफ कर."

रेडूने पावाला लोणी लावायचं थांबवलं नाही. "मी कधीच केलं गं. मला कशाला सांगतेस?"

"मग कोणाला सांगू?"

"एवढी माणसं एवढे दिवस कोणामुळे खोळंबली होती? त्यांना सांग. एकदाच. मग संपलं बघ." ती वर बघून हसली, आणि तिचं ते हसणं अगदी लहानपणचं, म्हशीसारखं ओरडून दाखवायच्या आधीचं होतं. "मी येते ना तुझ्याबरोबर. यंत्र मी चालवीन. मला जमतं सगळं, तुझंच बघून शिकलेय."

६

ताई काही भोळी नव्हती. जिना चढताना ती मनाशी सगळं नीट मांडत होती. ताण आहे. अपराधी वाटतंय. माणसाला मग नको ते ऐकू येतं, यावर तिने स्वतः लेख वाचले होते. खोलीत बसायचं, दोन वाक्यं बोलायची, काही होणार नाही, आणि काही झालं नाही हे दोघींना कळेल. नाहीच कळलं तर रेडूला चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं. तिने काय घेऊन जायचं, कोणाला फोन करायचा, तेही ठरवलं.

बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कितीतरी दिवसांनी. ताईला तेही बरं लक्षण वाटलं.

बावीस वर्षांत ती त्या खुर्चीत फारशी कधी बसली नव्हती. खुर्ची कोमट होती. रेडूने तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला, कानामागचा केस बाजूला केला, तिच्या हातात बटण दिलं. "बारीकसा आवाज आला तरी दाब हं," ती म्हणाली, आणि दार लावलं.

शांतता. आपला आवंढा. आपलं रक्त. बस, एवढंच. ताईने डोळे मिटून दहा आकडे मोजले. काही नाही. ती हसलीसुद्धा. खिडकीपलीकडे रेडू यंत्रापाशी बसून तिच्याकडे बघत होती. ताईने मान हलवून सांगितलं, काही नाहीये गं.

रेडूने बोट वर करून खूण केली: बोल.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. फोमने तिचा आवाज गिळून टाकला. "माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं. मला माफ करा."

तिच्या पायांना गार, ओलसर काही लागलं. तुडवलेल्या गवताचा वास आला. तिने खाली बघितलं नाही. समोर खिडकीच्या काचेत तिचं स्वतःचं प्रतिबिंब होतं, हेडफोन घातलेलं, आणि त्याच्या मागे, जिथे हातभरावर भिंत असायला हवी, तिथे भिंत नव्हती. तिथे लांबच लांब अंधार होता आणि त्या अंधारात हात होते. वर केलेले हात, पिकासारखे दाट, पार दिसेनासे होईपर्यंत. सगळे तळवे तिच्याकडे.

मग ते सगळे हात एकदम खाली आले.

कानात कोणीतरी मायक्रोफोनवर बोट आपटलं. टक, टक. थकलेला, प्रेमळ, तीस वर्षं ओळखीचा झालेला, चौघांच्या गायकाचा आवाज. तो काही ताईशी बोलला नाही. तो गर्दीशी बोलला, जसा प्रत्येक गावात, प्रत्येक मैदानावर बोलत आला होता तसा.

"तुम्हाला ऐकू आलं?"

आणि साठ हजार माणसं आनंदाने ओरडली, "नाही!"

ताईने बटण दाबलं. दाबतच राहिली. पलीकडे हिरवा दिवा लागत होता, विझत होता, रेडूच्या हनुवटीवर त्याचा उजेड पडत होता. ताई उठून दाराशी गेली. दाराला कडी नव्हती, कधीच नव्हती, नुसतं ढकललं की उघडायचं. तिने खांदा लावला. दार बधलं नाही. पलीकडून कोणी एक जण नव्हे, पुष्कळ जण अंग टेकून उभे असावेत असं ते भरीव लागलं.

"चुकलं माझं!" ती ओरडली. "माफ करा मला!"

"ऐकू येत नाही," आवाज म्हणाला, हसत, लाडाने. "मागच्यांना येतंय का?"

"नाही!"

खिडकीत मावशी दिसल्या. हातात चहाचे दोन कप. त्यांनी एक रेडूसमोर ठेवला आणि काचेतून आत वाकून बघितलं. ताईने दोन्ही मुठी काचेवर आपटल्या, तोंड फाडून ओरडली. मावशींचा चेहरा उजळला. त्या रेडूकडे वळून काहीतरी म्हणाल्या, ते ताईला त्यांच्या ओठांवरून सहज कळलं, कारण बावीस वर्षांत ती ओठ वाचायला शिकली होती.

"अगं बाई, मॅडम गातात की!"

रेडूने हसून मान डोलावली. मावशींनी बोटाने ताल धरल्यासारखं केलं आणि दुसरा कप घेऊन त्या आपल्या काउंटरकडे निघून गेल्या.

मग रेडू पुढे झुकली. तिने बोलायचं बटण दाबलं आणि तिचा आवाज ताईच्या कानात अगदी जवळ आला, मायेने भरलेला.

"ताई, अजून जोरात," ती म्हणाली. "मागे फार लांबपर्यंत माणसं आहेत."

ताईने काचेवर कपाळ टेकलं. छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.